चौदावी लेव्हल

सर्वर बसला की मी गाडी काढते.
काळी, चार बोटांएवढी,
घारीला वरून दिसावी तशी.
दिवे बंद. आवाज बंद.
रांगेतल्यांना वाटतं, बाई आपलंच काम करायली.
"चक्कर फिरायलंय का अजून?"
"फिरायलंय, काका."
चक्कर त्या खिडकीत फिरतंय,
या खिडकीत मी पत्र्याच्या शेडआडून
गाडी मागं घेतेय, इंच इंच.

सेलूत, रेल्वे गेटाच्या अलीकडं
खय्यूमभाईंचं सेवा केंद्र.
एक प्रिंटर, एक अंगठा घेणारं यंत्र
जे कापूस वेचणाऱ्या बायांना ओळखतच नाही,
आणि एक कीबोर्ड, ज्याचं डावीकडचं बटण
दोनदा दाबावं लागतं.
डावीकडं वळताना मी नेहमी सापडते.

गाडी पांढऱ्या चौकोनात लावायची, कुणाला न दिसता,
एवढाच खेळ.
मैदानात पाच वॉचमन.
प्रत्येकाच्या हातातून एक पिवळा त्रिकोण निघतो.
त्रिकोणात नुसतं चाक आलं तरी
शिट्टी, लाल पडदा,
पुन्हा पहिल्यापासून.
थांबलं तर चालतं. कितीही वेळ.
हे मला आवडतं,
थांबण्याचे मार्क कुणी कापत नाही.

वॉचमन पाठ करावे लागतात.
तिसरा भिंतीशी पोचला की चार मोजेपर्यंत उभा.
पाचवा फसवा, अर्ध्यातूनच माघारी फिरतो.
पण कुणीच बसत नाही,
कुणी तंबाखू मळत नाही,
रात्रभरात एकालाही लघवीला लागत नाही.
खेळ बनवणाऱ्यानं
वॉचमन जवळून पाहिलेला नसावा.

माझे अण्णा पाथरी रोडच्या जिनिंगवर रात्रपाळीला असतात.
सरकीच्या ढिगापासून वजनकाटा,
काट्यापासून गठाणींची थप्पी.
थप्पीपाशी खोकतात.
मग बॅटरी मांडीवर आपटतात, सेल ढिले आहेत.

मंगळवारी मी माझाच फॉर्म भरला.
शिकाऊ लायसन, चारचाकी.
खय्यूमभाई नमाजला गेले होते,
दुकानात मी आणि पंखा.
सगळं झालं आणि ओटीपी गेला
अण्णांच्या मोबाइलवर.
आधारला त्यांचा नंबर मीच जोडलेला.
फोन लावला.
"अण्णा, सहा आकडे आले असतील, सांगा बरं."
"कशाचे?"
"कामाचे."
दिवसा झोपणारा माणूस,
फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून
सांगत गेला: नऊ. शून्य. परत शून्य. हाव, दोनदा.
मग सात, मग
थोडा वेळ काहीच नाही.
मग उरलेले दोन.

रात्री डबा घेऊन गेले.
फाटकाशी उगीचच स्कूटी बंद केली,
दिवा घालवला,
ट्रॉल्यांच्या सावलीतून ढकलत निघाले.
काटा. थप्पी. खोकला.
आता पाठ फिरेल. आता.
चाकाखाली पत्र्याचा तुकडा वाजला.

त्रिकोण वळला.
पायांवर आला, डब्यावर आला,
गळ्यापर्यंत येऊन तिथंच थांबला.
"कोण हाय?"
मी बोलले नाही.
हवेत सरकीचा वास, कुठंतरी कुत्रं,
अण्णांच्या हातात ती थरथरती बॅटरी.
खेळात असं होत नाही,
पण त्यांनी ती आपणहून दुसरीकडं फिरवली,
भिंतीवर, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं.
"डबा ठिव काट्यावर," म्हणाले.
"अन् गाडी मागं घेताना
आरशात बघत जावं, नुस्तं अंदाजानं नाही."

हाव म्हणून निघाले.
गेट पडलेलं होतं, मालगाडी चाललेली.
डबे मोजत उभी होते,
बावीस, तेवीस,
तेव्हा लक्षात आलं,
स्कूटीला रिव्हर्स नसतो.