उगवण

ओल्या कागदाच्या गुंडाळीत सोयाबीनचे शंभर दाणे.
आठव्या दिवशी उलगडायची, मोजायचे.
उबाळे ओठ हलवत मोजायचे,
पोथी लावल्यासारखे.
त्या दिवशी एकसष्टवर थांबले
आणि एकसष्ट लिहिलं.

टाकळकर साहेब म्हणाले, पुन्हा मोजा.
पुन्हा एकसष्ट.
साहेब हसले.
साहेब हसले की लॅबमधला फ्रीजसुद्धा
घुरघुरायचा थांबतो.

सोमवारी उबाळेंची खुर्ची नव्हती.
टेबल होतं. भिंग होतं, चिमटा होता,
काचेखाली मुलीचा दहावीचा फोटो होता.
"दुरुस्तीला गेली," स्टोअरचा मुजीब म्हणाला, वर न बघता.
ह्या जालन्यात रोज एवढं लोखंड वितळतं,
एका खुर्चीचा पाय जोडायला किती दिवस लागावेत?
कुणी विचारलं नाही.
मी माझी खुर्ची थोडी आत ओढून घेतली.

अकरा दिवस माणूस उभा.
चहा आला की कप खिडकीत ठेवायचा,
मंठा चौफुलीकडे वळणारे ट्रक बघत प्यायचा.
आम्ही बसून प्यायचो. चहा तोच होता.

ग्रुपचं नाव 'आपला परिवार'.
रात्री पावणेअकराला परिवारात साहेब आले:
काही लोकांना कंपनीपेक्षा स्वतःचा आकडा मोठा वाटतो.
खाली अंगठे फुटायला लागले.
एक, दोन, नऊ, सतरा.
उबाळे सोडले तर
उगवण शंभर टक्के.
त्यातला चौदावा माझा.
"काय व्हायलंय वं एवढ्या रात्री?" आईनं अंथरुणातून विचारलं.
काही नाही, म्हटलं. गुड नाईट आलंय.

बाराव्या दिवशी त्यांनी भिंग शर्टाच्या टोकानं पुसलं,
माझ्या टेबलावर ठेवलं.
"शिवरकर बाई, तुम्ही सातव्यालाच उलगडायलात.
आठवा दिवस होऊ देत जा."
एवढंच.
शिव्या दिल्या असत्या
तर मला रडता तरी आलं असतं.

मग गुंडाळी माझ्याकडे आली.
चौऱ्याहत्तर, मी लिहिलं.
हात कापला नाही.
पेनही नीट चाललं.
दुपारी माझ्या टेबलावर साहेबांकडून
पेढा आला, कागदी बशीत. मी खाल्ला.

महिन्याभरानं उबाळे हिशोबाला आले.
पिशवी डाव्या हातात घेऊन
सवयीनं दारातल्या मशीनवर अंगठा ठेवला.
मशीनमधली बाई म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा.
त्यांनी अंगठा पँटला पुसला. केला.
पुन्हा प्रयत्न करा.
साहेब काचेतून बघत होते.
मुजीब पोत्यांची मोजदाद करत होता,
मोजलेल्याच पोत्यांची.

मी उठले.
का उठले, माहीत नाही.
दारापर्यंत सोळा पावलं. पाठीवर काच.
माझा अंगठा ठेवला.
धन्यवाद, मशीन म्हणालं.
दार उघडलं.

आत येता येता, माझ्याकडे न बघता,
उबाळेंनी हळूच विचारलं,
"नवी लॉट लावली म्हणं.
किती निघाले?"