निगेटिव्ह

याशच्या बालरुग्णालयात सतरा वर्षं
रात्रपाळ्या काढलेल्या स्मारांदाचं रक्त म्हणतं,
हिला गोवर कधी आलाच नाही.

ती हसते. लॅबमधल्या पोराला म्हणते, पुन्हा बघ.
आईनं शंभरदा सांगितलंय:
पाच वर्षांची तू, खिडकीला लाल घोंगडी,
नऊ दिवस अंधार,
आणि तू सारखी आंबट चेरीचं पाणी मागायचीस.

पुन्हा बघितलं. तेच.

मग प्रूतकाठच्या घरी फोन.
पलीकडे बराच वेळ नुसता रेडिओ.
"ती इलिंका," आई म्हणते. "तुझ्या आधीची.
तिचं दुखणं तुझ्या नावावर सांगत राहिले,
म्हणजे गोष्टीतली पोर
दहाव्या दिवशी उठून बसायची."

दोन डोस, मधे अठ्ठावीस दिवस.
तोवर चौथ्या मजल्यावर पाऊल ठेवायचं नाही,
डॉक्टर त्सुर्कानु बजावतो.
वर सहा खाटा. एका खाटेवरून
तिलाच हाका मारणारा मिहनेआ,
डोळे चिकटलेले, अंग फुललेलं.

बाही वर. टोचल्याचं कळतही नाही.
डाव्या हातानं कापूस दाबून
उजव्या हातानं ती फॉर्म भरते.
पूर्वी गोवर झाला होता का?
दर वर्षी इथे ती न वाचताच 'हो' लिहायची.

नाही, लिहिते.
मग रकान्याबाहेर, बारीक अक्षरात:
मला नाही.