रिकाम्या खाचेचे पैसे

फोर्डहॅम रोडवर सार्किशियनच्या दुकानात
पितळी अक्षरं सुटी मिळायची,
खिळे-बिजागऱ्यांसारखी, खणाखणांच्या पेटीत.
एका अक्षराचे अडीच डॉलर. बक्कल वेगळं.
माझ्या भावाचं नाव रूझवेल्ट.
इंग्रजीत नऊ अक्षरं. खिशात चारांचे पैसे.

"पुढचं सगळं राष्ट्राध्यक्षांचं," तो म्हणाला,
"आजोबांनी उपकार फेडायला लावलेलं.
शेपूट तेवढं माझं."
व्ही, ई, एल, टी.
मखमलीच्या तुकड्यावर मांडून लांबून पाहिलं.
सार्किशियन म्हणाला, याला काही अर्थ नाही.
रूझवेल्ट म्हणाला, येईल.

अशी त्यानं कंबर कसली.

मी त्याच्या बुटांच्या नाड्यांना इस्त्री करायचे,
दोन बोटं रुंद, स्टार्च घालून, कडक.
आई दिवसभर इस्पितळाच्या चादरी इस्त्री करून यायची
आणि दारातच म्हणायची, आता इथं पण?
कडा तो स्वतः घासायचा, टूथब्रशानं,
दातांचं इतकं कधी केलं नाही.
मग आमच्या गल्लीतून निघायचा
जळक्या इमारतींच्या मधून, पत्रे ठोकलेल्या खिडक्यांसमोरून,
पांढऱ्याशुभ्र बुटांत,
राखेवर मांजर चालावं तसा.
खालचे मिस्टर किन्योनेस नावं ठेवायचे:
घरात हीटर नाही आणि थाट बघा.
मी तेव्हा गप्प बसायचे.
हीटर आमच्या हातात नव्हता हो, मिस्टर किन्योनेस.
बूट होते.

पोरगा नाव काढेल, असं आजोबा म्हणायचे.
ऑक्टोबरात काढलं. चौकीतल्या शिपायानं.
यार्डात उभ्या डब्यापाशी रूझवेल्ट सापडला, बोटं निळी,
डब्यावर अजून ओलं वेल्ट.
पट्टा घेतला, नाड्या घेतल्या
(कोठडीत कुणी टांगून घेऊ नये म्हणून),
अक्षरं टोकदार म्हणून
एकेक सरकवून बक्कलातून बाहेर.
तीन रात्रींनंतर तपकिरी पाकीट मिळालं. वर यादी:
पट्टा एक. नाड्या दोन.
धातूचे तुकडे तीन.

एल नव्हता.

आईनं पाकीट उलटं करून झटकलं, दोनदा.
मी नाड्यांना पुन्हा इस्त्री केली.
माझ्या डब्यातल्या पैशांतून नवा एल आणला,
त्यानं घेतला, उजेडात धरला, खिशात टाकला.
राहू दे, म्हणाला.
आणि शनिवारी शाळेच्या मैदानात,
जिथं दिव्याच्या खांबातून वीज ओढून
स्पीकर लावले होते, तिथं तसाच गेला:
व्ही, ई, मोकळी जागा, टी.
त्या जागेतून शर्टाचा लाल रंग दिसत होता.
कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी पाहिलं.

पुढच्या शनिवारी एलिसेओच्या बक्कलात एक दात पडलेला.
मग मार्वेलाच्या. मग ट्रीमाँटच्या त्या दोन जुळ्यांच्या,
ज्यांचं आमच्याशी पटतही नव्हतं.
कुणी म्हणे, मेलेल्या मित्रासाठी ठेवतात.
कुणी म्हणे, जिच्यावर जीव तिचं अक्षर तिला देतात.
एलिसेओला मी विचारलं, तर म्हणाला,
अशीच, स्टाईल आहे.
रूझवेल्ट तिथंच उभा होता, रेकॉर्ड पुसत.
त्यानं कुणालाच दुरुस्त केलं नाही.

नाताळाच्या सुमारास सार्किशियनच्या काचेत पाटी लागली:
रिकामी खाच – सव्वा डॉलर.
ती वाचून माझा भाऊ फुटपाथवर खाली बसला,
नव्या पांढऱ्या बुटांचा विचार न करता,
आणि हसला, बक्कल धरून,
ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा.

आता तो न्यूअर्कला बस चालवतो.
पट्टा आहे, पोटाखाली दिसत नाही.
एल माझ्याकडे, लॉन्ड्रीच्या किल्ल्यांत.
गिऱ्हाइकं विचारतात, कुणाच्या नावाचा?
मी मोड मोजून देते.
महिन्यातून एकदा घासते त्याला,
जुन्या टूथब्रशानं,
कडांनी.