सहावं बोट

बूट राहू देत पायात, फरशी गार आहे.
बसा. हा वास सुकवलेल्या कॉडचा, कुत्र्यांचा नव्हे.
बर्गनहून निघून, दोन बोटी बदलून
या बेटापर्यंत आलात
म्हणजे तो फोटो पाहिला असणार:
कड्यावर उभा लुंडेहुंड,
मान मागे, थेट पाठीला टेकलेली,
आणि पायाला सहा-सहा बोटं.

मोजा हवी तर. सगळेच आधी बोटं मोजतात.
माझे सासरे असाच एक कुत्रा घेऊन कडा चढायचे,
तो बिळात शिरायचा, पफिन तोंडात धरून उलटा सरकत यायचा,
संध्याकाळी पोतं भरलेलं असायचं.
आता त्या पक्ष्याला हात लावायला बंदी आहे.
बिळं तशीच आहेत. कडाही.
या पायांना मात्र अजून कुणी कळवलेलं नाही.

हा पत्र्याचा डबा, बिस्किटांचा होता.
यात सगळ्यांच्या वंशावळी.
लोमाची आई ब्रिस, ब्रिसचा बाप तूर…
कुठल्याही फांदीवरून वर चढा,
उतरता त्याच एका अंगणात.
युद्धाच्या वर्षांत रोग आला, कुत्री ओळीनं गेली,
उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.
माणसाच्या हाताच्या.
त्या मूठभरांची ही सगळी प्रजा.
भावाला बहीण, बापाला लेक,
आपल्यात घडलं तर गाव तोंडात शेण घालेल
त्याला इथे शिक्का मारून
शुद्ध म्हणतात.
मीही मारून घेतलेत शिक्के. एकवीस पिल्लांवर.

लोमा चौथ्या वर्षी गेली.
पोटभर खायची आणि वाळत जायची.
पाय सुजले, पोटात पाणी झालं,
लेकनेसच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आतडं गळतंय, अन्न अंगी लागत नाही.
मासळीच्या काट्यावर रोज तोलायची मी तिला.
सहा किलो.
पाच सातशे.
पाच दोनशे.
वही अजून आहे. तिला मिळालेली निळी फीत
त्या पानात खुणेला घातलीय.

मग सभेत उभी राहिले. म्हटलं, बाहेरचं रक्त आणू,
बुहुंड आणू, मेंढ्या राखणारा, धडधाकट.
आइलर्ट उठला.
त्यानं चाळीस वर्षं ही जात जपलीय,
तो नसता तर आज वाद घालायलाही कुत्रा उरला नसता.
म्हणाला, रागनफ्रिद, दुधात पाणी ओतलं की
दूध वाढतं खरं, पण दूध राहतं का?
मी म्हटलं, हे नासलंय, आइलर्ट.
शब्द सुटला आणि वाटलं, गिळायला हवा होता.
त्याच्या मांडीवरच्या म्हातारीनं कान मिटून घेतले.
यांचे मिटतात, दारासारखे.
बिळातली माती आत जाऊ नये म्हणून.

तेव्हापासून दुकानात तो माझ्याकडे बघत नाही.
नाताळात कुणीतरी दाराशी हॅलिबटचा तुकडा ठेवून गेलं.
चिठ्ठी नव्हती. कागदाची घडी त्याचीच.

हे पिल्लू. आई इथली, बाप बुहुंड.
घ्या हातात. मान नका वाकवू, हिची मागे जात नाही.
पुढच्या पायाला साडेपाच बोटं म्हणा,
सहावं आहे, पण नुसतं लोंबतंय.
प्रदर्शनात हिला कुणी विचारणार नाही,
नोंदवहीतही वेगळं पान.
नको असेल तर आत्ताच सांगा, कॉफी तरीही मिळेल.

हवी असेल तर ऐका.
दर रविवारी तोलायचं, आकडा मला कळवायचा.
हिची पिल्लं घ्यायची की नाही ते तिघांनी ठरवायचं,
तुम्ही, मी, डॉक्टरीणबाई.
सांभाळणं झालं नाही तर विकायची नाही,
कुणाला देऊन टाकायची नाही, इथे आणायची.
बारा-चौदा वर्षांचा सौदा आहे हा,
आणि मी आहे एकोणऐंशीची,
म्हणून खाली दुसरा पत्ता लिहून ठेवलाय.

हो, आइलर्टचाच.

त्याला विचारायचं राहिलंय.