चार बोटं माया

तोंडात टाचण्या असल्या की
माणूस फार ऐकून घेतो.
पोर्तोच्या या उतरत्या गल्लीत एकोणचाळीस वर्षं
लोकांच्या पायांशी गुडघे टेकून बसते मी,
आणि वरून डोक्यावर पडत राहतं
त्यांचं स्वतःबद्दलचं बोलणं.

सेन्योर आनसेल्मु, नोटरीच्या कचेरीतले,
परवा सात टाय घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून.
साहेब नवा आहे, तिशीचा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.
म्हणाला, सोमवारपासून टाय नकोत, मोकळं वाटेल.
"मोकळं कसलं, बाई. गळ्याशी हात जातो
आणि तिथं कोणीच नसतं."
यांचं काही होईल का, विचारत होते.
मी म्हटलं, उशीचा अभ्रा होईल.
हसले नाहीत. टाय पुन्हा गुंडाळले,
आणि दारातून बाहेर पडता पडता
कॉलरचं अगदी वरचं बटण लावलं.

दोना इडालीना नऊ वर्षं काळ्यात आहे.
तिच्या आईनं तर मरेपर्यंत काळं सोडलं नाही,
पुरलीसुद्धा त्याच मोज्यांत.
"कोट बाहेरून काळाच राहू दे," ती म्हणाली,
"आतलं अस्तर हिरवं लाव. कोवळ्या बदामाचं हिरवं."
आत कोण बघणार?
"बाहीत हात घालताना मी बघीन ना."

आणि तिची नात बेनेदिता,
गुडघ्यावर फाटलेली जीन्स माझ्यापुढे पसरून:
"शिवू नका. पण याहून जास्त फाटू देऊ नका."
भोकाला काठ घालत बसले तासभर.
इतकं मन लावून मी कधी कुणाचं फाटकं जपलं नव्हतं.

गुडघे टेकायला मला सिस्टर पर्पेतुआनं शिकवलं.
सोमवारी सकाळी, वर्गाबाहेर, थंड फरशीवर, ओळीनं.
स्कर्टची कड जमिनीला टेकली तर आत,
नाही टेकली तर घरी.
मी तर वाढतच होते, तण वाढावं तशी.
आई शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची.
तिनं माझ्या स्कर्टाच्या आत चार बोटं माया ठेवली होती.
दर ईस्टरला एक बोट सोडायची.
कड खाली यायची, मी वर्गात जायची,
पण जुन्या घडीची रेघ तिथंच राहायची.
व्हिनेगर लावलं, ओला रुमाल ठेवून इस्त्री केली.
तिसऱ्या वर्षी तीन रेघा झाल्या.
मुली मोजायच्या.
मी दप्तर पुढे धरून चालायला शिकले,
अजून तशीच चालते म्हणे, हातात काही नसलं तरी.

हल्ली येतात ते कपडे उलटे करून बघते मी.
काठाला लागून कापलेले, मशीननं कडा बांधलेल्या.
म्हणते, यात सोडायला काही ठेवलेलंच नाही.
गिऱ्हाईक आरशात बघतं
जणू चूक त्याच्या पोटाची आहे.
पोट आत ओढतं, श्वास धरतं,
मी खालून सांगते, श्वास घ्या.
मग काहीतरी करते. बाजूला पट्टी घालते.
पट्टी दिसते. पैसे कमी घेते.

माझं म्हणाल तर निळा डगला, गळ्यात टेप.
आरसा दुकानात आहे, पण त्यात गिऱ्हाइकं असतात.
काल मात्र शटर अर्धं ओढलं
आणि माझा तो राखाडी स्कर्ट काढला,
जो कंबरेत बसत होता पण गुडघ्यावर चढायला लागला होता.
(मी वाढत नाही आता. मागून वाकते,
कपडा मागे ओढला जातो, इतकंच.)
आत दोन बोटं होती. मीच ठेवली असणार,
कुठल्या वर्षी, कोण होईन असं समजून, आठवत नाही.
उसवली, सोडली, टाके घातले.
रेघ दिसलीच. खालच्या कापडाचा रंग अजून नवा,
वरचा उन्हानं खाल्लेला.

इस्त्री तापलेली होती.
फिरवली नाही.
तसाच घालून पाव आणायला गेले.