पाहण्यासारखं काही नाही

पहाटे चारला कुंपणाखालून सरपटत शिरलो,
मी आणि ल्यावोन.
प्रिप्यातच्या या काठावर, बेलारूसच्या बाजूला
पाटी गंजलीय, पण गावाचं नाव वाचता येतं.
त्याच्या मुठीत ते यंत्र, काडेपेटीएवढं.
पाल मनात चुकचुकते म्हणतात;
आमची मुठीत चुकचुकत होती.

"पाहण्यासारखं काही नाही तिथं," वडील म्हणाले होते.
नऊ वर्षांचे असताना त्यांना ट्रकमध्ये चढवलं,
थोड्याच दिवसांसाठी.
तेव्हापासून ते खिशात किल्ली ठेवत नाहीत,
दार आई उघडते.

खोटं कशाला बोलू,
मी दुःख करायला गेलो नव्हतो.
पाऊल टाकताना पोटात पडतो तो खड्डा
मिन्स्कमध्ये कुठल्या दुकानात मिळत नाही,
म्हणून गेलो.

शेवाळ इतकं हिरवं की हात फिरवावा,
आणि नेमकं तिथंच यंत्र पिसाळलं.
"सगळं तेच पिऊन बसलंय," ल्यावोन म्हणाला.
रस्त्यात एक सांबरासारखं धूड उभं,
चुकीच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांकडे बघावं
तसं त्यानं बघितलं,
मग सावकाश बाजूला झालं.

चौथं घर. छप्पर बसलेलं,
तळघर मात्र शाबूत.
फळीवर एकच बरणी:
काकड्या, शेपूचा अख्खा तुरा,
झाकणावर पेन्सिलीनं '८५'.
ल्यावोननं मागून बॅटरी धरली
तर बरणी आतून उजळली, कंदिलासारखी.
यंत्र जवळ नेलं.
ते जवळजवळ गप्प झालं.

म्हणजे या अख्ख्या गावात
स्वच्छ उरला होता
तो एवढाच, आदल्या वर्षीचा उन्हाळा,
मिठाच्या पाण्यात.

"उघडू?" ल्यावोन हसला.
मला हसू आलं नाही.
माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं
आणि त्या दिवसात मला
खरी भीती वाटली ती त्याचीच.

फळीवरच्या धुळीत तिचं गोल घर होतं,
बरणी त्यातच परत ठेवली.

रात्री वडिलांनी न विचारता
माझे बूट पिशवीत कोंबले,
गाठ मारून जिन्याखाली नेऊन टाकले.
हात धुतले. पुन्हा धुतले.
"काय पाहिलंस?"
"काही नाही."
बराच वेळ ते टॉवेल धरून उभे.
मग, भिंतीला विचारावं तसं,

"तळघराची तिसरी पायरी
अजून हलते का रे?"