तिसरा कप

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर गुरुवारी बेरिलबाई कागद वाटतात.
डावीकडे : माणसं काय म्हणतात.
उजवीकडे : त्यांना काय म्हणायचं असतं.
मधे एक उभी रेघ, पट्टीनं मारलेली.
ती रेघ म्हणजेच इंग्लंड, असं हबतोमला वाटतं.

"वाईट नाही" म्हणजे उत्तम.
"बघू या" म्हणजे नाही.
"वेगळंच आहे हं" म्हणजे तुमच्या डब्याला वास येतोय.
आणि पायावर पाय पडला
तर ज्याचा तुडवला गेला
त्यानं आधी सॉरी म्हणायचं.
हे मात्र त्याला शिकवावं लागलं नाही,
मासळीच्या कारखान्यात
आठ महिने तो तेच करत आलाय.

"या की कधीतरी चहाला,"
कुंपणापलीकडून ऑडलिंग म्हणाले होते,
हातातली कात्री न थांबवता.
कागदावर ते वाक्य अकरावं.
वर्ग तेव्हा नवव्यापर्यंत आला होता.

रविवारी हबतोमनं दाढी केली.
पांढरा शर्ट घातला.
केरेनला आई करायची तसा गोल पाव भाजला,
वेलची घालून,
वर सुरीनं चाकाच्या आऱ्या कोरून,
आणि फडक्यात बांधून निघाला.
बोलावलं की जायचं.
न जाणं म्हणजे
बोलावणाऱ्याच्या तोंडावर त्याचंच दार लावणं.

दार उघडलं.
सपाता, मागे टीव्हीवर स्नूकर,
हातात सूपचा अर्धा डबा, त्यातच चमचा.
"ओ," ऑडलिंग म्हणाले.
एवढंसं अक्षर.
ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

पहिला कप : हवा, वारा, उद्याचा वारा.
पावाचा तुकडा तोंडात घोळवत ऑडलिंग म्हणाले,
"वेगळंच आहे हं."
हबतोमनं मान खाली घातली.
वर पाहिलं तर ते दुसरा तुकडा मोडत होते.

दुसरा कप : घड्याळ.
मग ऑडलिंगनी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या,
"चला! तुम्हाला उगाच अडकवून नाही ठेवत."
"छे छे, अडकवताय कुठे?"
म्हणत हबतोमनं कप पुढे केला.

त्याच्याकडे कॉफी तीनदा होते.
पहिली तहानेची, दुसरी गप्पांची,
तिसरी आशीर्वादाची.
दुसरीवर उठणं म्हणजे
भरल्या ताटावरून उठणं.
हे कुणी सांगत नाही. कागदबिगद नसतो त्याचा.

किटली पुन्हा ठेवावी लागली.
पाणी तापेपर्यंत पाठमोरे ऑडलिंग उगीचच बोलू लागले :
बोटीवर होतो मी. तीस वर्षं. उत्तरेला.
एकदा नॉर्वेत, बर्फात, कुणा बाईनं घरात घेतलं,
सूप वाढलं.
वाडगा रिकामा झाला की ती भरायची.
नको कसं म्हणतात ठाऊक नव्हतं, प्यालो.
सहा वाडगे!
परत जाताना बोटीवर...
पुढचं त्यांनी हातांनीच करून दाखवलं.
हबतोमला निम्मं कळलं,
पण हसला तो बरोबर जागेवर.

अंधारून आलं तेव्हा दारात ऑडलिंग म्हणाले,
"पुन्हा या कधीतरी."
हबतोमनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.
डावीकडचं? की उजवीकडचं?
रेघा पुष्कळ होत्या,
मधली उभी तेवढी दिसेना.

"येतो," तो म्हणाला.
फडकं तिथंच राहिलं.

गुरुवारी अकरावं वाक्य आलं.
"चहाला या म्हटलं की जायचं नसतं, बरं का,"
बेरिलबाई प्रेमानं म्हणाल्या.
सगळ्यांनी उजवा रकाना भरून घेतला.
हबतोमची पेन्सिल
नेमकी तेव्हाच बोथट झाली.